नदीतून किती पाणी जातंय? वेग मोजून विसर्ग काढण्याची रीत, पायरी-पायरीने

नदीच्या एका ठिकाणातून दर सेकंदाला जेवढं पाणी पुढे जातं, तो तिथला विसर्ग. तो घनमीटर प्रति सेकंद किंवा क्युसेकमध्ये, म्हणजे घनफूट प्रति सेकंदात सांगतात. १ घनमीटर प्रति सेकंद म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. सूत्र एका ओळीचं आहे: विसर्ग = काटछेदाचं क्षेत्रफळ × सरासरी वेग. नदी आडवी कापली तर पाण्याचा जो आकार दिसेल, तो काटछेद.

खरी अडचण 'सरासरी वेग' या दोन शब्दांत आहे. काठाजवळ पाणी रेंगाळतं, मध्यावर धावतं. तळाशी घर्षणामुळे ते मंद असतं, पृष्ठभागाजवळ वेगवान. नदीत जितक्या जागा, तितके वेग. त्यामुळे 'नदीचा वेग किती?' या प्रश्नाला एकच माप पुरत नाही. काटछेदाचे उभे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्याची रुंदी, खोली आणि सरासरी वेग मोजायचा, पट्ट्यापट्ट्याचा विसर्ग काढायचा आणि सगळे मिळवायचे. याला वेग-क्षेत्र पद्धत म्हणतात. आयएसओ ७४८ हे आंतरराष्ट्रीय मानक याच पद्धतीसाठी आहे.

हे काम नव्याने शिकणाऱ्यांना सूत्र लगेच समजतं. गोंधळ होतो तो पाण्यात उतरल्यावर. म्हणून हा लेख प्रत्यक्ष कामाच्या क्रमाने लिहिला आहे. एक गोष्ट सुरुवातीपासून मनात पक्की ठेवा: जिथून जास्त पाणी जातं, तिथे जास्त मापं घ्यायची. पुढचे बरेचसे निर्णय यावरूनच ठरतात.

१. जागा निवडा, आणि त्यासाठी वेळ द्या

घाई करायचीच असेल तर इतर कुठेही करा, इथे नको. वाईट जागी घेतलेलं काळजीपूर्वक मापसुद्धा वाईटच निघतं.

चांगली जागा कशी ओळखायची? पात्र सरळ हवं. रुंदीच्या पाचपट तरी सरळ लांबी मिळाली तर उत्तम, आणि त्यातला मोठा भाग मापाच्या रेषेच्या वरच्या बाजूला असावा. पाणी एकसंध, काठांना समांतर वाहत असावं. तळ घट्ट असावा. मोठे धोंडे, झुडपं, पाणवनस्पती, पुलाचे खांब यांच्यामागे भोवरे होतात, ते टाळा. वळणावर तर मापच घेऊ नका, तिथे पाणी बाहेरच्या काठाकडे रेटलं जातं आणि आडवं-तिडवं फिरतं.

काठावर उभं राहून पृष्ठभाग निरखा. वाळकी पानं किंवा काटक्या एकामागून एक सोडा आणि त्या कशा जातात ते बघा. सरळ रेषेत गेल्या तर ठीक. एखादी मागे वळली किंवा जागीच गिरक्या घेऊ लागली, तर तिथे उलटा प्रवाह आहे.

डोह दिसायला शांत आणि सोयीचा वाटतो, पण तिथला वेग इतका कमी असतो की वेग मोजायचा मीटर नीट फिरतच नाही. उलट उथळ खळाळात पाणी उसळतं आणि खोली धड वाचता येत नाही. या दोहोंच्या मधला, संथ पण स्पष्ट धार असलेला भाग शोधा.

पाणीपातळीची मोजपट्टी एका ठिकाणी असेल आणि चांगला काटछेद त्याच्या थोडा वर किंवा खाली असेल, तर खुशाल तिकडे जा. अट एकच: मधे एखादा ओढा येऊन मिळत नसावा, आणि पाणी कुठे वळवलेलं किंवा उपसलं जात नसावं. छोट्या प्रवाहात मापाआधी काही दगड बाजूला करून, गवत उपटून जागा सुधारता येते. तसं केल्यावर पाणी स्थिरावू द्या आणि मगच सुरुवात करा. माप चालू असताना मात्र पात्रातलं काहीही हलवू नका.

२. साहित्य आणि कागद

- करंट मीटर, म्हणजे पाण्याचा वेग मोजणारा मीटर, त्याचं अंशांकन कोष्टक (फेऱ्यांवरून वेग काढायचा तक्ता) आणि स्टॉपवॉच
- खुणा असलेला वेडिंग रॉड, म्हणजे ज्यावर मीटर वर-खाली सरकवून बसवता येतो असा दांडा
- पात्रापेक्षा लांब टेप किंवा खुणा केलेली दोरी, आणि दोन्ही काठांवर ठोकायला खुंट्या
- नोंदवही किंवा छापील नोंदपत्र, आणि पेन्सिल (पाणी लागलं की पेनाची शाई पसरते)
- लाइफ जॅकेट, घट्ट तळाचे बूट, आणि सोबतीला दुसरा माणूस
- याच ठिकाणची आधीची मापं आणि काटछेद, असतील तर

नोंदपत्रावर काय असायला हवं तेही आधी ठरवा: नदी आणि ठिकाण, तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, दोन्ही वेळची पाणीपातळी, मीटरचा क्रमांक, सुरुवात कोणत्या काठापासून केली, वारा आणि तळाची स्थिती. डावा आणि उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवायचा. हा संकेत पाळला नाही तर पुढच्या माणसाला तुमचा काटछेद उलटा दिसेल.

मीटरबद्दल थोडं. पंख्यासारखा फिरणारा मीटर राइनहार्ड व्होल्टमन या जर्मन अभियंत्याने १७९० मध्ये मांडला. वाट्यांचं चाक असलेला मीटर विल्यम गन प्राइस यांनी १८८० च्या दशकात अमेरिकेत घडवला. दोघांचं तत्त्व एकच: पाणी जितकं वेगात, तितके फेरे जास्त. वेग = अ + ब × (दर सेकंदाचे फेरे), यातले अ आणि ब त्या-त्या मीटरचे स्वतःचे असतात. त्यामुळे एका मीटरचं कोष्टक दुसऱ्याला वापरायचं नाही, मॉडेल तेच असलं तरीही.

निघण्याआधी चाक हवेत फिरवून बघा. ते हळूहळू मंदावत थांबलं पाहिजे. झटक्यात थांबलं तर धारव्यात (बेअरिंगमध्ये) कचरा आहे किंवा आस वाकलेला आहे. किती वेळ फिरलं ते दर वेळी लिहून ठेवा, म्हणजे मीटर कधी बिघडायला लागला ते कळतं. माप संपल्यावर पुन्हा फिरवून बघा.

३. पाण्यात उतरायचं की नाही, हे काठावरच ठरवा

खोली (मीटर) आणि वेग (मीटर प्रति सेकंद) यांचा गुणाकार करा. तो १ च्या जवळ जात असेल तर उतरायचं नाही. नवख्यांनी ०.५ हीच मर्यादा धरावी. मांडीएवढं पाणी निरुपद्रवी वाटतं, पण ते वेगात असेल आणि तळाशी गोटे घसरडे असतील, तर तेवढं पाणीही माणसाला पाडतं.

स्वतःच्या अंगाला दोरी बांधून दुसरं टोक काठावर अडकवू नका. पाय सुटला तर तीच दोरी तुम्हाला प्रवाहात एका जागी धरून पाण्याखाली दाबते. पडलातच तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि तिरकं काठाकडे सरका. वरच्या बाजूला धरण किंवा बंधारा असेल तर पाणी सोडण्याची वेळ आधी विचारून घ्या. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, तर माप अर्धवट टाकून बाहेर या.

पाणी खोल असेल तर पुलावरून, नावेतून किंवा केबलवेवरून तारेला वजन लावून मीटर सोडतात. पद्धत हीच, पण ती एकट्याने शिकायची नाही. अनुभवी माणसासोबतच करा.

४. पाणीपातळी वाचा, टेप ताणा

आधी पातळी वाचायची, मग बाकी सगळं. पातळीशिवाय विसर्गाचा आकडा पुढे कोणाच्या उपयोगाचा राहत नाही. मापाच्या शेवटी ती पुन्हा वाचायची, आणि पाणी चढत किंवा उतरत असेल तर मधेही.

टेप प्रवाहाला काटकोनात ताणा. काठाला काटकोनात नव्हे, प्रवाहाला. नवखे इथे हमखास गोंधळतात, कारण काठ डोळ्यांना दिसतो आणि प्रवाहाची दिशा शोधावी लागते. टेप पाण्याला टेकू देऊ नका. त्या वाटेने नावा येत-जात असतील तर टेपवर रंगीत फडकी बांधा आणि काठावर माणूस ठेवा.

५. उभ्या रेषा ठरवा

टेपवर ज्या-ज्या जागी खोली आणि वेग मोजायचा, त्या जागेला उभी रेषा म्हणजेच व्हर्टिकल म्हणतात. किती घ्यायच्या? साधारण २० ते २५. कोणत्याही एका पट्ट्यातून एकूण विसर्गाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ नये, आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आतच राहावं.

हा आग्रह उगाच नाही. आयएसओ ७४८ मधल्या आकड्यांनुसार केवळ रेषा कमी घेतल्यामुळे येणारी अनिश्चितता ५ रेषांना १५ टक्के, १० रेषांना ९ टक्के आणि २० रेषांना ५ टक्के धरली जाते. मीटर कितीही महागडा असला तरी ही चूक तो भरून काढू शकत नाही.

रेषा समान अंतरावर घ्यायची सवय लावून घेऊ नका. काठाजवळच्या उथळ, संथ पाण्यात अंतर मोठं ठेवा. खोल, वेगवान धारेत ते कमी करा. तळ जिथे अचानक खचतो किंवा चढतो, तिथे एक रेषा हवीच. मात्र पात्र फारच अरुंद असेल तर २० रेषांचा हट्ट सोडा. रेषा इतक्या जवळ आल्या की मीटर तेच तेच पाणी मोजायला लागतो.

६. खोली मोजा

बहुतेकांचं सगळं लक्ष वेगाकडे असतं आणि खोली घाईघाईत उरकली जाते. पण विसर्गात दोन्हींचा वाटा सारखाच आहे. २० सेंटिमीटर पाण्यात २ सेंटिमीटरची चूक झाली की त्या पट्ट्याचा विसर्ग १० टक्क्यांनी चुकला.

इथे तीन ठिकाणी फसायला होतं. मऊ गाळात दांडा रुततो आणि खोली जास्त वाचली जाते, म्हणून दांड्याला खाली सपाट चकती हवी आणि तो दाबून धरू नये. वेगवान पाणी दांड्याच्या वरच्या अंगाला चढतं, ती चढलेली लाट वाचायची नाही, आजूबाजूच्या सपाट पाण्याची रेषा वाचायची. आणि दांडा एखाद्या धोंड्यावर टेकला असेल, तर बाजूला चाचपून तळाची खरी पातळी घ्यायची. तारेला वजन लावून मोजताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: प्रवाह तार खाली ओढतो आणि तिरकी झालेली तार खोली जास्त दाखवते. तारेचा कोन मोजून ती दुरुस्त करावी लागते.

७. वेग मोजा

आता मुख्य काम. एका उभ्या रेषेवरचा सरासरी वेग काढायला पृष्ठभागापासून तळापर्यंत प्रत्येक बिंदूवर मोजायची गरज नसते. नदीत वेग तळापासून वर एका ठरावीक वळणाने वाढतो, आणि त्या लघुगणकी वळणाचं गणित केलं तर सरासरी वेग पृष्ठभागापासून खोलीच्या सुमारे ६३ टक्क्यांवर सापडतो. व्यवहारात ६० टक्के धरतात. त्यावरून हे नियम आले आहेत:

- खोली साधारण ०.७५ मीटरपेक्षा कमी: एकच माप, पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर.
- त्याहून जास्त: दोन मापं, ०.२ आणि ०.८ खोलीवर. त्यांची सरासरी घ्यायची.
- वेगाचं वळण विचित्र वाटलं तर तीन मापं: ०.२ आणि ०.८ चे वेग, अधिक ०.६ च्या वेगाची दुप्पट, भागिले ४.

विचित्र कधी म्हणायचं? ०.२ वरचा वेग ०.८ वरच्या वेगापेक्षा कमी निघाला, किंवा त्याच्या दुपटीहून जास्त निघाला, तर. पाणवनस्पती, वरच्या बाजूचा धोंडा किंवा जोराचा वारा ही त्याची नेहमीची कारणं.

या पायरीवर सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ०.६ खोली तळापासून मोजणं. नियम पृष्ठभागापासूनचा आहे. खोली ०.५ मीटर असेल तर मीटर पृष्ठभागाखाली ०.३ मीटरवर, म्हणजे तळापासून ०.२ मीटरवर हवा. दांड्यावरच्या खुणा तळापासून सुरू होतात, त्यामुळे ही गल्लत फार सहज होते. चुकून मीटर वर बसला की प्रत्येक रेषेवर वेग जास्त येतो. ही चूक एकाच दिशेची असल्यामुळे कितीही रेषा घेतल्या तरी ती सरासरीत मिटत नाही.

उभं कसं राहायचं तेही शिकून घ्या. मीटर टेपच्या रेषेवर धरा. तुम्ही टेपच्या किंचित खालच्या अंगाला, दांड्यापासून हातभर बाजूला, काठाकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे पाणी पायांच्या कडेवर आदळेल. पाय मीटरच्या जवळ आले की ते स्वतःच प्रवाह वळवतात. लहान ओढ्यात तर माणूस स्वतःच मोठा अडथळा असतो, तिथे शक्य असेल तर काठावरून किंवा आडव्या फळीवरून माप घ्या.

दांडा सरळ उभा. मीटर पाण्यात सोडल्यावर लगेच मोजायला सुरुवात करू नका, चाकाला प्रवाहाचा वेग पकडू द्या. मग कमीत कमी ४० सेकंद मोजा, ६० मिळाले तर अधिक चांगलं. नदीचा वेग सतत कमी-जास्त होत असतो, आणि दहा सेकंदांचं माप त्यातला एखादा हेलकावाच पकडतं.

मोजणीची एक बारीक पण मोलाची गोष्ट: ज्या ठोक्याला घड्याळ सुरू करता तो ठोका 'शून्य', 'एक' नव्हे. मंद पाण्यात दहाच फेरे होत असतील तर हा एक जादा फेरा वेग १० टक्क्यांनी वाढवतो.

प्रवाह टेपला काटकोनात नसेल तर कोन नोंदवा आणि वेगाला त्या कोनाच्या कोसाइनने गुणा. १० अंशांना गुणक ०.९८५, २० अंशांना ०.९४०, ३० अंशांना ०.८६६. म्हणजे १० अंशांपर्यंत फरक किरकोळ, ३० अंशांना १३ टक्क्यांचा. वाट्यांचा मीटर तिरक्या पाण्यातही तितकाच फिरतो, त्याला कोन कळत नाही. कोन तुम्हालाच बघावा लागतो.

८. आकडेमोड

सर्वांत रुळलेली रीत मध्य-खंडाची. प्रत्येक उभी रेषा तिच्या पट्ट्याच्या आत असते. पट्टा आधीच्या रेषेकडच्या निम्म्या अंतरापासून पुढच्या रेषेकडच्या निम्म्या अंतरापर्यंत. म्हणजे पट्ट्याची रुंदी = (पुढच्या रेषेचं टेपवरचं अंतर − आधीच्या रेषेचं अंतर) ÷ २.

समजायला सोपं पडावं म्हणून फक्त सहा रेषांचं उदाहरण घेऊ. डावा पाणकाठ टेपवर १.० मीटरला, उजवा १२.० मीटरला.

| टेपवरचं अंतर (मी.) | पट्ट्याची रुंदी (मी.) | खोली (मी.) | सरासरी वेग (मी./से.) | विसर्ग (घ.मी./से.) |
|---|---|---|---|---|
| ३.० | १.७५ | ०.३० | ०.२० | ०.१०५ |
| ४.५ | १.२५ | ०.६० | ०.४० | ०.३०० |
| ५.५ | १.०० | ०.८० | ०.५५ | ०.४४० |
| ६.५ | १.२५ | ०.७० | ०.५० | ०.४३८ |
| ८.० | १.७५ | ०.५० | ०.३६ | ०.३१५ |
| १०.० | २.०० | ०.२० | ०.१५ | ०.०६० |

बेरीज सुमारे १.६६ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे साधारण ५८.५ क्युसेक. ५.५ मीटरच्या रेषेवर खोली ०.८० असल्यामुळे तिथे दोन मापं घेतली: पृष्ठभागाखाली ०.१६ मीटरवर ०.६४ आणि ०.६४ मीटरवर ०.४६. त्यांची सरासरी ०.५५.

या कोष्टकाकडे जरा निवांत बघा. ५.५ आणि ६.५ मीटरच्या दोन पट्ट्यांची रुंदी मिळून जेमतेम सव्वादोन मीटर, पण एकूण विसर्गातला निम्म्याहून जास्त वाटा त्यांचा. एकेकट्या पट्ट्यातून २६ टक्के पाणी जातंय. १० टक्क्यांचा नियम इथे मोडला आहे, म्हणून प्रत्यक्षात हे माप मी स्वीकारणार नाही. ४.५ ते ८.० मीटरच्या दरम्यान आणखी बऱ्याच रेषा टाकीन. १०.० मीटरच्या पट्ट्यात मात्र वेग दुप्पट चुकला तरी एकूण आकड्यावर ४ टक्क्यांहून कमी परिणाम होईल. वेळ कुठे घालवायचा आणि कुठे नाही, हे असं आकड्यांवरूनच दिसतं.

आता एक सापळा. सगळ्या वेगांची साधी सरासरी काढून एकूण क्षेत्रफळाने गुणायचा मोह होतो. वरच्या उदाहरणात वेगांची सरासरी ०.३६ आणि क्षेत्रफळ ४.२२५ चौरस मीटर, गुणाकार १.५२. म्हणजे ८ टक्के कमी. साध्या सरासरीत काठाजवळच्या उथळ रेषेला आणि मधल्या खोल धारेला सारखंच वजन मिळतं, म्हणून हा फरक पडतो. पट्ट्यापट्ट्याने गुणा आणि मगच मिळवा.

मध्य-खंडात दोन्ही काठांलगतचा अर्धा पट्टा सुटतो. काठ उताराचा असेल आणि तिथे खोली शून्यावर येत असेल, तर हे नुकसान थोडं असतं. पण काठ उभ्या भिंतीसारखा असेल तर तिथे खोली मोजा, वेग शेजारच्या रेषेवरून अंदाजाने घ्या आणि तो पट्टाही मिळवा. अंदाज घेतल्याचं नोंदपत्रावर लिहा.

९. काठ सोडण्याआधी आकडा तपासा

घरी जाऊन आकडेमोड करू नका. जागेवरच करा, कारण शंका आली तर नदी समोरच असते. खोली आणि वेग दोन्ही अंतराप्रमाणे कागदावर काढा. एखादा बिंदू एकटाच वर उडालेला किंवा खाली पडलेला दिसला, तर ती रेषा पुन्हा मोजा. आधीचे आकडे खोडरबराने पुसायचे नाहीत, एक रेघ मारून शेजारी नवे लिहायचे.

या पातळीला आधी विसर्ग मोजलेला असेल तर तुलना करा. फरक ५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आधी आकडेमोड तपासा, मग शक्यतो मीटर किंवा काटछेद बदलून पुन्हा मोजा. दुसरं मापही पहिल्याशी जुळलं, तर नदीचा तळच बदललेला असण्याची शक्यता आहे. जुन्या आकड्याशी जुळावं म्हणून मापाला हात लावू नका.

मीटर नसेल तर: तरंगक

मीटर नाही, किंवा पाण्यात उतरणं धोक्याचं आहे, अशा वेळी तरंगक उपयोगी पडतो. सरळ पात्रात दोन रेषा आखा. त्यांच्यातलं अंतर इतकं ठेवा की तरंगकाला ते कापायला निदान २० सेकंद लागतील. दोन्ही रेषांवर काटछेद मोजून क्षेत्रफळांची सरासरी घ्या.

तरंगक बराचसा पाण्यात बुडलेला हवा. अर्धवट पाणी भरून झाकण लावलेली छोटी बाटली चालते. थर्माकोलचा तुकडा चालत नाही, त्याला पाण्यापेक्षा वाराच जास्त ढकलतो. तो पहिल्या रेषेच्या बऱ्याच वर सोडा, म्हणजे रेषेवर पोहोचेपर्यंत त्याने प्रवाहाचा वेग घेतलेला असेल. डावीकडे, मध्यावर, उजवीकडे असे अनेक तरंगक सोडा. सगळे मुख्य धारेतच सोडले तर विसर्ग फुगलेला येतो.

मिळालेला वेग पृष्ठभागाचा आहे, सरासरी नव्हे. त्याला ०.८५ ने गुणायचं. २० मीटर अंतर ३२ सेकंदांत कापलं तर पृष्ठभागाचा वेग ०.६२५, आणि सरासरी सुमारे ०.५३ मीटर प्रति सेकंद. उथळ आणि खडबडीत तळाच्या ओढ्यात हा गुणक आणखी कमी धरावा लागतो. हा गुणक विसरणं ही तरंगकाच्या मापातली सर्वांत मोठी चूक. रडारने किंवा व्हिडिओवरून पृष्ठभागाचा वेग मोजणाऱ्या उपकरणांनाही असाच गुणक लागतो, आणि जोराचा वारा त्यांनाही फसवतो.

एडीसीपी हाती आला तर

मोठ्या नदीवर हल्ली नावेला किंवा छोट्या तराफ्याला लावलेला एडीसीपी, म्हणजे ध्वनिलहरींनी वेग मोजणारं उपकरण, वापरतात. तो पाण्यात ध्वनिलहरी सोडतो. पाण्यासोबत वाहणाऱ्या गाळाच्या कणांवरून त्या परततात आणि त्यांच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून वेग कळतो. एका काठावरून दुसऱ्या काठावर जाता-जाता खोली आणि वेग दोन्ही मिळतात.

पडद्यावर विसर्गाचा आकडा दिसला की काम झालं, असं समजू नका. पृष्ठभागालगतचा थर, तळालगतचा थर आणि दोन्ही काठ या उपकरणाला मोजता येत नाहीत. तिथला विसर्ग सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, तो भाग किती आहे ते दर वेळी बघा. दुसरा धोका हलत्या तळाचा. पुरात तळाची वाळू सरकत असली की उपकरणाला वाटतं आपणच वरच्या दिशेला सरकतोय, आणि विसर्ग कमी दाखवला जातो. म्हणून मापाआधी हलत्या तळाची चाचणी करायची आणि गरज पडली तर जीपीएसचा आधार घ्यायचा. फेऱ्या जाऊन-येऊन अशा जोडीने करा, आणि सगळ्या फेऱ्या मिळून किमान ७२० सेकंदांचं माप होऊ द्या.

मापाचं पुढे काय करायचं

रोज उठून विसर्ग मोजणं शक्य नसतं, पण पातळी रोज, अगदी दर तासाला वाचता येते. म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांना घेतलेली मापं आलेखावर मांडून पातळी आणि विसर्ग यांचं वळण काढतात. त्याचं रूप साधारण असं: विसर्ग = क × (पातळी − शून्य विसर्गाची पातळी) चा न वा घात. क आणि न त्या ठिकाणच्या मापांवरून काढायचे, दुसऱ्या नदीवरून उचलायचे नाहीत.

हे वळण काढताना मापं फक्त सोयीच्या दिवसांची नसावीत. उन्हाळ्यातलं तळाला गेलेलं पाणी आणि चढलेलं पाणी, दोन्ही टोकांची मापं हवीत. वळण मापांच्या पलीकडे लांबवून काढलेल्या पुराच्या आकड्यावर मी सहसा विसंबत नाही. पाणी चढत असताना पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार जास्त असतो, त्यामुळे त्याच पातळीला उतरत्या पाण्यापेक्षा चढत्या पाण्याचा विसर्ग जास्त असू शकतो. म्हणून प्रत्येक मापासोबत 'चढतं', 'उतरतं' किंवा 'स्थिर' हे लिहा. पाणी झपाट्याने बदलत असेल तर रेषा थोड्या कमी घ्या आणि माप लवकर पुरं करा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या रेषेच्या वेळी दोन वेगळ्या नद्या मोजल्यासारखं होतं.

मोठा पूर येऊन गेला की तळ खरवडला जातो किंवा गाळाने भरतो, आणि जुनं वळण लागू राहत नाही. पाणी ओसरताच दोन-तीन नवी मापं घ्या, आणि ती जुन्या वळणापासून सगळी एकाच बाजूला पडतायत का ते बघा. तसं असेल तर त्या पुराच्या तारखेपासून नवं वळण लागू करा.